एका अंगाची गठाण

तेच कॉफीचं मशीन तिसऱ्यांदा दुकानात आलं तेव्हा मी ते उघडलंच नाही. ते घेऊन आलेल्या काकांना म्हटलं, परत न्या, शनिवारी मीच घरी येतो.

परतवाड्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, गिझर, पाण्याच्या मोटारी. मार्चपासून जूनपर्यंत फक्त कूलर. त्याआधी सहा वर्षं पुण्यात एस्प्रेसोची, म्हणजे दाबाच्या पाण्यानं घट्ट कॉफी काढायची, मशीनं दुरुस्त केली. त्यामुळे वर चिखलदऱ्यातल्या हॉटेलांची दोन-चार मशीनं माझ्याकडे येतात आणि अलीकडे घरची पण. चिखलदऱ्यात कॉफी पिकते, पण घरची मशीनं येतात ती त्यामुळे नाही. पोरं पुण्या-बंगळुरूला नोकरीला लागतात आणि दिवाळीला आई-बाबांना मशीन पाठवतात. शिकवायला मात्र कोणी थांबत नाही.

हे मशीन अंजनगावच्या वाटेवरच्या एका गावातलं. काका पस्तीस वर्षं कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये होते. तक्रार अशी, की एका तोटीतून धो धो येते, दुसरीतून टिपटिप, आणि चव एकाच वेळी आंबट पण अन् कडू पण. कंपनीच्या माणसानं फोनवरच सांगितलं, पंप गेला. शहरातल्या एका मेकॅनिकनं तीन हजार घेऊन पंप बदलला. गेज लावून दाब न बघता पंप बदलणारा माणूस मला मेकॅनिक वाटत नाही, हे मी लिहूनच ठेवतो. काही फरक पडला नाही, मग मशीन माझ्याकडे आलं. मी गेज लावला, दाब 9 बार, म्हणजे पाहिजे तेवढा. पाण्याचं तापमान बरोबर. गास्केट बदललं, पाणी सोडणारी वरची जाळी उकळून साफ केली आणि कॉफी काढून बघितली: 14 ग्रॅम पावडर, 27 सेकंदांत 28 ग्रॅम कॉफी, दोन्ही तोट्यांतून सारखी मधासारखी धार. मशीन परत दिलं. महिन्यात पुन्हा आलं. पुन्हा तेच तपासलं, पुन्हा उत्तम कॉफी निघाली, पुन्हा परत दिलं.

शनिवारी गेलो तर काकू दारातच म्हणाल्या, "भाऊ, आता तं मले वाटते मशीन इकूनच टाकावं."

मी म्हटलं, "काकू, मी हात लावत नाही. तुम्ही रोज करता तशी करून दाखवा."

पावडरीची जाळी ज्यात बसते आणि जे मशीनला खालून अडकवतात, तसलं बूड कापलेलं एक हँडल माझ्या पिशवीत असतं. लेथवर तोट्यांसकट खालचा भाग कापून घेतलाय, त्यामुळे जाळीच्या तळातून कॉफी कशी उतरते ते उघडं दिसतं. ते काकूंना दिलं. त्यांनी ग्राइंडरखाली धरलं. पावडर पडली ती सगळी डाव्या अंगाला, शेतात ट्रॉली ओतल्यावर होतो तसा ढीग. त्यावर मशीनबरोबर आलेला, पावडर दाबायचा प्लॅस्टिकचा दट्ट्या ठेवून, हँडल ओट्यावर टेकवून, त्यांनी अंगातलं सगळं बळ लावून दाबलं. मोबाइलवरच्या कुठल्या तरी व्हिडिओत पंधरा किलोचा जोर द्या म्हणून सांगितलं होतं. त्यासाठी काकूंनी वजनकाट्यावर दाबून दाबून सराव केला होता.

हँडल चढवलं, बटण दाबलं. पाचव्या सेकंदाला उजवीकडून पांढुरक्या दोन चिळकांड्या उडाल्या, माझ्या शर्टापर्यंत. डावीकडे तळ कोरडाच. बारा सेकंदांत कप भरला. दाबलेल्या पावडरीची चकती बाहेर काढली तर डावी बाजू घट्ट आणि काळी, उजवीकडे काठाजवळ सुई जाईल एवढं भोक आणि त्याभोवती पावडरीचा रंग उडालेला.

आंबट अन् कडू दोन्ही कशी, ते त्या चकतीवर दिसत होतं. सैल जागेतून सगळं पाणी गेलं, तिथली पावडर धुऊन धुऊन कडू झाली. बाकीच्या पावडरीतून पाणी नीट गेलंच नाही, तिचा आंबटपणा तेवढा आला. ओलिताला दांडाच्या बांधात उंदरानं बीळ पाडलं की काय होतं? पाणी तिथूनच जातं, बीळ मोठं होत जातं आणि पुढचे सरे कोरडे राहतात. 9 बारच्या पाण्याला तर एवढंसं बीळ पुरतं.

काका मागे उभे होते. चकती हातात घेऊन अंगठ्यानं दोन्हीकडे दाबून बघितली आणि म्हणाले, "हे तं एका अंगाची गठाण झाली नं. पेटीत कापूस एकीकडंच भरला तं प्रेस किती बी दाबो, दुसरं अंग पोचटच राह्यते."

मी अर्धा तास समजावून जे सांगणार होतो ते काकांनी दोन वाक्यांत सांगितलं. मग मी त्यांना हिशेब करून दाखवला. जाळी 51 मिलिमीटरची. तिच्यावर 9 बारनं पाणी दाबतं तेव्हा पावडरीवर साधारण 187 किलोचा जोर येतो. कापसाची गठाण 170 किलोची. म्हणजे मशीन दर कपाला त्या एवढ्याशा चकतीवर एक गठाण ठेवतं. तिथं काकूंचे पंधरा किलो झाले काय अन् वीस झाले काय, फार फरक पडत नाही. हातानं फक्त दोन गोष्टी करायच्या: पावडर सगळीकडे सारखी करायची आणि ती सपाट बसवायची. ते प्लॅस्टिकचे दट्टे तर मला बघवत नाहीत. जाळी 51 ची आणि दट्ट्या 49 चा. काठानं गोल पट्टी सैल राहणारच. मशीनचे एवढे पैसे घेता, मग जाळीत बसणारा दट्ट्या द्यायला काय होतं?

काकूंकडे मणी ओवायच्या बारीक सुया होत्या. बाटलीच्या बुचात तीन खोचल्या, टोकं आत, नेढी बाहेर, म्हणजे जाळीवर ओरखडे नकोत. तळापासून गोल गोल ढवळायचं, गुठळ्या मोडायच्या, मग वरच्या वर हलकं फिरवून सपाट करायचं. कूलर दिवसभर सुरू असल्यानं हवेत ओल होती आणि गुठळ्या खूप होत्या. मग हँडलवर दोन टिचक्या. माझा लेथवर केलेला 51 चा स्टीलचा दट्ट्या दिला. दाबताना अंगठा आणि तर्जनी जाळीच्या काठावर टेकवायची, दोन्हीकडे काठ सारखा लागला की दट्ट्या सरळ आहे.

हे सुरू असतानाच माझं लक्ष ओट्याकडे गेलं. ओट्याला मोरीकडे उतार, पाणी वाहून जावं म्हणून सगळ्यांच्याच असतो. हँडल उतारावर टेकवून दाबल्यावर पावडर तिरकीच बसणार, असं मनात आलं आणि मला फार आनंद झाला. दुकानातलं माझं टेबल सपाट, म्हणून माझ्याकडे कॉफी उत्तम निघत होती! एका बाजूनं पुठ्ठ्याची घडी सरकवून हँडल समतल केलं. काकूंनी पुन्हा काढली. तळ सगळीकडून एकदम ओला झाला, थेंब मधोमध आले, एकच जाड तपकिरी धार. 26 सेकंद. काकू घोट घेऊन काही बोलल्याच नाहीत, कप काकांच्या हातात दिला.

निघताना मी छातीठोक सांगितलं, "काका, खरा दोष तुमच्या ओट्याच्या उताराचा."

रात्री झोप लागेना. सुया आणि पुठ्ठा दोन्ही एकदमच वापरले होते, मग गुण कशाचा? काकूंनी जुना पंप पिशवीत जपून ठेवला होता, तो मी घेऊन आलो होतो. रविवारी तो माझ्याकडच्या मशीनला लावला. 9 बार दाब, काही खोट नाही. तसल्याच जाळीत त्याच्यावरच करून बघितलं. फळीखाली पाचर लावून काकूंच्या ओट्याएवढा उतार केला, पावडर सुयांनी नीट ढवळली: 25 सेकंद, धार जवळपास सारखी. मग फळी सपाट केली, ढीग डावीकडे ठेवला, न ढवळता दाबला: 14 सेकंद आणि चिळकांड्या. तीन-तीन वेळा केलं. फरक होता तो ढिगाचा. दुकानात पावडर ढवळायची मला सवयच आहे, हात आपोआप चालतो. काकूंना ते सांगायचं मला दोन्ही वेळा सुचलं नाही.

सोमवारी सकाळी काकांना फोन केला. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "बरं झालं फोन केला भाऊ. काल गवंडी बोलावला अन् मशीनखालचा ओटा लेव्हलमधी करून घेतला. आता मशीन ठाम हाय."

मागून काकूंचा आवाज आला, "अन् पाणी सारं भिंतीपाशी साचून राह्यते, ते बी सांगा!"

मी तेव्हा काही सांगू शकलो नाही. पुढच्या शनिवारी जातोय, गवंड्याचे पैसे खिशात घेऊन.