इटालियनची तोंडी परीक्षा: तयारी कशी आणि कुठून

इटलीतल्या विद्यापीठात इटालियन भाषा आणि संस्कृती शिकायला गेलेले कितीतरी विद्यार्थी सत्रभर व्याकरणाचे स्वाध्याय सोडवतात आणि परीक्षेत प्राध्यापकांसमोर बसले की गप्प होतात. साहित्य, इतिहास, भाषेचा इतिहास या विषयांत तिथे बहुतेक ठिकाणी तोंडी परीक्षाच निर्णायक असते. गुण तीसपैकी मिळतात आणि उत्तीर्ण व्हायला 18 लागतात. उत्तर अव्वल असेल तर 'त्रेंता ए लोदे', म्हणजे विशेष प्रशंसेसह तीस. सगळ्या विषयांची सरासरी शेवटी 110 वर नेली जाते, म्हणजे 27 ची सरासरी 99 होते आणि प्रबंधाचे गुण त्यात वेगळे मिळवले जातात. मनासारखे गुण मिळाले नाहीत तर पुष्कळ ठिकाणी ते नाकारून पुढच्या 'आप्पेल्लो'ला, म्हणजे पुढच्या परीक्षेच्या तारखेला, पुन्हा बसता येतं. आपल्या विद्यापीठाचा नियम मात्र आधी वाचून ठेवा.

वेळेचं गणित सुरुवातीलाच मांडा. एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे 25 तास. नऊ क्रेडिटच्या विषयाला 225 तास होतात आणि त्यातले वर्गातले साधारण 54. उरलेले 171 तास आठवड्याला बारा तासांनी वाचलं तरी चौदा आठवडे खातात, आणि सत्र संपतं बारा-तेरा आठवड्यांत. वर्ग संपल्यावर पुस्तक उघडणाऱ्याच्या हाती मग तीन-चार आठवडेच राहतात. आणखी एक गोष्ट: वर्गाला हजर राहणाऱ्यांची आणि न राहणाऱ्यांची पुस्तकयादी बहुधा वेगळी असते. चुकीची यादी वाचून परीक्षेला जाणं फार महागात पडतं.

तोंडी परीक्षा तिथे खुली असते. आपली तारीख येण्याआधीच्या एखाद्या आप्पेल्लोला मागे बसून ऐका आणि विचारलेले प्रश्न लिहून घ्या. तयारीचा यापेक्षा चांगला मार्ग मला तरी दिसत नाही. प्राध्यापक कुठे थांबवतात, तारखांवर अडतात की युक्तिवादावर, हे एका सकाळीत कळतं.

आता प्रत्यक्ष बोलणं. प्रत्येक मोठ्या प्रश्नासाठी पाच मिनिटांचं उत्तर तयार करा: काळ, मुख्य मत, विरोधी मत, परिणाम. 'कोणती इटालियन प्रमाण मानायची' हा सोळाव्या शतकातला वाद घ्या. विद्वान लेखक प्येत्रो बेंबो 1525 मध्ये पद्यासाठी पेत्रार्का आणि गद्यासाठी बोकाच्चो यांची चौदाव्या शतकातली फ्लोरेन्टाइन, म्हणजे फ्लोरेन्सची भाषा, आदर्श ठरवतो. समोर आहेत दरबारांतल्या मिश्र, सर्वसमावेशक भाषेचा पुरस्कार करणारे आणि त्या काळी बोलली जाणारी फ्लोरेन्टाइनच घ्या म्हणणारे. सरशी बेंबोची होते. 1583 मध्ये स्थापन झालेली आकादेम्या देल्ला क्रूस्का ही भाषेची संस्था 1612 मध्ये आपला शब्दकोश काढते. परिणाम असा की लिहिण्याची भाषा एक झाली, पण बोलणारे थोडेच राहिले. 1861 च्या एकीकरणाच्या वेळी इटालियन येणाऱ्यांचं प्रमाण भाषाशास्त्रज्ञ तूल्यो दे माउरोंनी अडीच टक्के काढलं, तर दुसरे भाषाशास्त्रज्ञ आर्रीगो कास्तेल्लानींनी दहा टक्क्यांच्या आसपास. हा फरक का, हा प्रश्न आलाच म्हणून समजा. तोस्कानातल्या निरक्षर माणसाची बोली 'इटालियन' धरायची की नाही, यावरच तो आकडा हलतो. हे कारण सांगता आलं की उत्तराचं वजन वाढतं, नुसते दोन आकडे पाठ असून भागत नाही.

उत्तर देताना काळाचा गोंधळ टाळायला ऐतिहासिक वर्तमानकाळ वापरा. 'नेल 1525 बेंबो पुब्ब्लिका' ('1525 मध्ये बेंबो प्रसिद्ध करतो') हे पूर्णपणे शिष्टसंमत आहे. 'पास्सातो रेमोतो' हा साहित्यातला भूतकाळ वाचताना ओळखता यायलाच हवा, पण बोलताना त्याच्या वाटेला जायची गरज सहसा पडत नाही.

मराठी माणसाची एक चूक हमखास होते. 'तिने पोळी खाल्ली' यात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, म्हणून तो 'ओ मांज्याता ला मेला' म्हणून जातो. हवं ते 'ओ मांज्यातो ला मेला' ('मी सफरचंद खाल्लं'). पण कर्म सर्वनाम होऊन क्रियापदाआधी आलं की 'लो मांज्याता', तिथे बदल हवाच. 'आंदारे' (जाणं), 'नाशेरे' (जन्मणं) अशी 'एस्सेरे' (असणं) हे सहाय्यक क्रियापद घेणारी क्रियापदं मात्र 'ती गेली'सारखी कर्त्याप्रमाणे चालतात, ती आपल्याला सोपी जातात. 'पेन्सो के' ('मला वाटतं की') नंतर 'कोंजुन्तीवो', म्हणजे मत किंवा शंका दाखवणारं क्रियारूप, लागतं आणि 'सेकोन्दो मे' ('माझ्या मते') नंतर साधं निश्चयार्थी रूप. घाबरल्यावर दुसरी वाट सुरक्षित आहे.

उच्चारात आपली बाजू भक्कम आहे. झेडचा उच्चार 'चमचा'तला च किंवा 'जाड'मधला ज, आणि 'चे', 'ची' यांतला सी म्हणजे 'चार'मधला च. जोडव्यंजनही आपल्याला नवं नाही, तरी 'पेना' म्हणजे दुःख आणि 'पेन्ना' म्हणजे लेखणी हे घाईत एक होऊन जातं. जोडव्यंजनाआधीचा स्वर आखूड ठेवा, एकेरीआधीचा आघाती स्वर लांबवा.

प्राध्यापकांशी 'लेई'नेच, म्हणजे आदरार्थी 'आपण'नेच, बोलायचं, म्हणजे क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी. 'चाओ' नाही, 'बुओंजोर्नो'. प्रश्न कळला नाही तर 'पोत्रेब्बे रिपेतेरे ला दोमांदा?' ('प्रश्न पुन्हा सांगाल का?') असं सरळ विचारा, त्याचे गुण कापले जात नाहीत. भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत बसलात तर जातात. आणि आप्पेल्लोची ऑनलाइन नोंदणी काही दिवस आधीच बंद होते. यादीत नाव नसेल तर कितीही तयारी असली तरी बसू देतीलच असं नाही.