जुनी ऑक्टाव्हिया आरएस सोलापुरातून ऑनलाइन विकताना

सोलापूरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात गिऱ्हाईक आधी ॲव्हरेज विचारतं, मग पासिंग कधीपर्यंत आहे ते विचारतं. २००४च्या सुमारास भारतात आलेल्या पहिल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसची किंमत या दोन प्रश्नांत मावत नाही. १७८१ सीसी, वीस व्हॉल्व्ह, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) आणि दीडशे हॉर्सपॉवर म्हणजे काय, हे कळणारा माणूस बहुतेक वेळा पुण्यात, हैदराबादेत किंवा बेंगळुरूत असतो. अडीचशे ते सहाशे किलोमीटर यायचं की नाही, हे तो मोबाइलवर जाहिरात बघून ठरवतो. म्हणून त्याने गाडीपाशी उभं राहून जे तपासलं असतं, ते सगळं जाहिरातीतच पुराव्यानिशी असायला हवं. 'टॉप कंडिशन, सिंगल हँड, नो वर्क' असं लिहिलेल्या जाहिरातींवर जाणकार थांबतसुद्धा नाही.

सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो थंड इंजिनाचा व्हिडिओ. गाडी रात्रभर उभी असावी. आधी तापमानाचा काटा तळाला असल्याचं दाखवा, मग स्टार्टर मारा आणि व्हिडिओ न तोडता मागे सायलेन्सरपर्यंत जा. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. ते टर्बोच्या सीलमधून येतं किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून. गाडी पाच मिनिटं आयडलला ठेवून एकदम रेस दिल्यावरही तो दिसतो का, तेही दाखवा. सुरू होताना दोन-तीन सेकंद टॅपेट वाजले तर ठीक, पण आवाज रेंगाळला तर तेलाच्या दाबाची शंका येते. या इंजिनात तळाशी गाळ साचून ऑइल पंपाची जाळी तुंबते, हा त्याचा जुना, माहितीतला रोग आहे. तापलेली गाडी पळवून आणून लगेच बंद केली की टर्बोतलं तेल तिथेच जळून काजळी धरते. तेल बदलायला उशीर झाला की गाळ आणखी वाढतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात हे सगळं लवकर होतं. ऑइल पॅन उघडून जाळी साफ केली असेल, तर त्याचा फोटो आणि गॅरेजचं बिल नव्या सीट कव्हरपेक्षा कितीतरी जास्त किंमत मिळवून देतं.

दुसरा व्हिडिओ चालत्या गाडीतला. पुणे रोडला मोहोळच्या दिशेने, सकाळी रस्ता मोकळा असताना, शेजारी बसलेल्याने काढलेला. दुसऱ्या गिअरमध्ये २००० ते ५००० आरपीएमपर्यंत एकसलग ओढ दाखवा. तिसऱ्या गिअरचा मोह टाळा, वेग मर्यादेबाहेर जातो आणि त्याने वेगळं काही सिद्धही होत नाही. ओढ मधेच तुटत असेल तर आधी इग्निशन कॉइल तपासा. या गाडीत त्या वरचेवर जातात आणि लोड आला की मिसफायर देतात, म्हणजे सिलिंडरमधलं इंधन नीट पेटत नाही. ओढ आहे पण मरगळलेली, सोबत फुसफुस आवाज, असं असेल तर बहुधा हवेची गळती असते. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (टर्बोचा जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा) पडदा फाटलेला असतो किंवा इंटरकूलरची (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाची) नाहीतर व्हॅक्यूमची नळी चिरलेली असते. ही कामं टर्बो बदलण्याच्या मानाने फार स्वस्त आहेत, पण ती न करता गाडी दाखवली की समोरचा 'टर्बो गेलाय' म्हणून भाव पाडतो. म्हणून ती जाहिरातीआधीच उरकावीत.

स्कॅनरचा रिपोर्ट तारीख आणि किलोमीटरसह टाका. पी०३०० मिसफायर सांगतो, पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ झालंय, अनेकदा हवेच्या गळतीमुळेच. कोड पुसून लगेच घेतलेला 'क्लीन' रिपोर्ट देऊ नका. कोड पुसले की ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) स्वतःच्या चाचण्याही नव्याने सुरू होतात, त्या अपुऱ्या दिसल्या की घेणारा ओळखतो, आणि तिथून पुढे तो तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) काढून आकडे लिहून द्या. एकूण आकड्याइतकाच चौघांमधला फरक महत्त्वाचा, तो ३ बारच्या आत हवा. टायमिंग बेल्ट तुटला तर या इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन भिडतात. त्यामुळे बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप किती किलोमीटरला बदलले, याचं बिल लागतंच. बिल नसेल तर 'बदललाय' लिहू नका, घेणारा तो खर्च तसाही किमतीतून वजा करणार आहे. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतलं गेलं असेल तर क्षार दिसतील. तेही साफ करून, योग्य कूलंट भरूनच दाखवावं. आपला जिल्हा उसाचा आणि इथेनॉलचा. ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आल्यापासून वीस वर्षांपूर्वीच्या इंधन-नळ्यांची चौकशी जाणकार हमखास करतो, नळ्या बदलल्या असतील तर स्पष्ट लिहा.

रीमॅप (ताकद वाढवायला ईसीयूच्या प्रोग्रॅममध्ये बदल), मोठा इंटरकूलर, फ्री-फ्लो सायलेन्सर बसवलेत? मग काढलेले मूळ भाग जपून ठेवा आणि गाडीसोबत द्या. अमेरिकेतल्या १९८७च्या ब्यूक ग्रँड नॅशनलचं बघा. ३.८ लिटरचं टर्बो व्ही६, २४५ हॉर्सपॉवर. त्या काळी लोकांनी ती वाट्टेल तशी वाढवली, आज मात्र कारखान्यातून निघाली तशी राहिलेली, कागदपत्रांसह असलेली गाडीच संग्राहक शोधतात. तिचीच खास आवृत्ती, जीएनएक्स, फक्त ५४७ बनल्या. आरएसची संख्या, किंमत सगळंच वेगळं, पण मूळपणाला मिळणारा मान तोच. शिवाय आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ रचनेतले बदल पासिंगला अडकतात, तेव्हा आरटीओत नेण्याआधी मूळ भाग परत बसवलेले बरे.

फोटो सकाळच्या उन्हात, धुऊन पूर्ण वाळलेल्या गाडीचे. ओरखडे आणि गंज जवळून दाखवा. रंगाच्या जाडीचं मीटर मिळालं तर प्रत्येक पॅनलचा आकडा द्या, कुठला भाग पुन्हा रंगवलाय ते त्यावरून कळतं. चेसिस नंबर मात्र उघड टाकू नका, भेटीला येणाऱ्यालाच दाखवा.

आता कागद. १५ वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, त्यासाठी तपासणी आणि पर्यावरण कर आलाच. फी १५ वर्षांनंतर ५ हजार, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाडीला १० हजार रुपये. हे करूनच जाहिरात द्या. संपलेल्या आरसीची गाडी 'तुम्ही करून घ्या' म्हणत विकायला काढली की भंगाराचा भाव येतो. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटीही लागते. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवा. कर्ज फिटलं म्हणून बोजा आपोआप उतरत नाही.

गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, आणि विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. विजापूर, कलबुर्गी किंवा हैदराबादचं असेल तर सोलापूर आरटीओकडून (एमएच-१३) फॉर्म २८ची एनओसी आधी. तिकडचा कर घेणाऱ्याने भरायचा, हे व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी ठरवून घ्या. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत, तिकडच्या फोनवर वेळ घालवू नये. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी कधीच सोडू नका. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक.

पैशाच्या बाबतीत फसवणूक जवळपास एकाच साच्यातली असते. 'मी लष्करात आहे, गाडी न बघता घेतो, इसार पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा.' पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही, पिन मागितला की फोन ठेवा. पैसे आल्याचा एसएमएस ग्राह्य धरू नका, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. २ लाख किंवा त्याहून अधिक रोख एका व्यवहारात घेणं आयकर कायद्यात बसत नाही, तेव्हा उरलेली रक्कम आरटीजीएसने आणि बँकेच्या वेळेतच घ्यावी. चाचणीला समोरच्याचं लायसन्स बघून, स्वतः शेजारी बसून जा.

ताबा पावतीवर तारीख, वेळ, किलोमीटर आणि दोघांच्या सह्या हव्यात. वेळ यासाठी की त्या संध्याकाळचं ई-चलन कोणाचं, हा वाद त्यावरच मिटतो. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. विम्याचा नो-क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं पुढच्या गाडीला चालतं. मग परिवहनच्या संकेतस्थळावर आठवड्याला एकदा नंबर टाकून बघा, आणि महिन्याभरात नाव बदललं नाही तर ताबा पावती आणि फॉर्म २९ची पोच घेऊन आरटीओत लेखी अर्ज द्या.