इंदूर ते नाशिक: टायरला आलेला फुगा आणि वाटेवरची दोन दुकानं

आधी निकाल सांगतो, हकिकत नंतर. टायरच्या साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, फुगा आला किंवा काप गेला, की तो टायर संपला. त्याला पॅच नाही, प्लग नाही, गरम शिक्का नाही. कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी नाही. मी ऐकलं, आठशे रुपये दिले आणि पाच माणसं त्या टायरवर बसवून घाट उतरलो. परत आल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. लग्नसराईत आपल्याकडची बरीच मंडळी याच रस्त्याने नाशिक-पुण्याला जातात.

तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस, नाशिकला मावसबहिणीकडे कार्य. पहाटे पाचला इंदूरच्या राजेंद्रनगरातून निघालो. मी, बायको, आई, दोन मुलं आणि डिकी आहेराच्या सामानाने गच्च. टायर १८५/६५ आर १५ मापाचे, कंपनीतून आलेलेच, ३८ हजार किलोमीटर झालेले. ग्रिप अजून चांगली होती. हवा ऑक्टोबरात भर दुपारी ३३ पीएसआयवर (हे हवेच्या दाबाचं माप) भरली होती, त्यानंतर बघितली नव्हती. ही माझी चूक, आणि सगळं इथूनच सुरू झालं. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की हवा एक पीएसआयने उतरते. ऑक्टोबरातली दुपार आणि डिसेंबरातली पहाट यांत वीस अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे निघताना टायरमध्ये फार तर २९ असणार. त्यात गाडी पूर्ण भरलेली. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो स्टिकर असतो, त्यावर भरलेल्या गाडीसाठी वेगळा, जास्तीचा आकडा दिलेला असतो. तो वाचा. पंपावरच्या पोऱ्याला "कितना डालूँ?" विचारायची वेळ येऊ देऊ नका.

खलघाटचा नर्मदेचा पूल ओलांडला, ठीकरी गेलं. जुलवानियाच्या अलीकडे कुठेतरी काम चालू होतं, म्हणून सगळी वाहतूक एका बाजूला वळवलेली. उजाडत होतं, पण धड दिसत नव्हतं. पुढे कापसाचा ट्रक, मी त्याच्या मागे जरा जास्तच जवळ. ट्रकच्या चाकांखालून खड्डा निघाला तेव्हा ब्रेक लावायलाही जागा नव्हती. डांबर संपून खडी सुरू होते तिथली ती धार होती, वीटभर उंच आणि अगदी काटकोनात. पुढचं डावं चाक त्यात गेलं. असा आवाज झाला की मागे झोपलेली दोन्ही मुलं उठून बसली.

गाडी बाजूला घेतली, खाली उतरून बघितलं. हवा होती, स्टिअरिंग सरळ होतं, रिमची कड जरा दबल्यासारखी वाटली. टायरवर काहीच दिसेना, म्हणून पुढे निघालो. इथे थांबायला हवं होतं ते दहा मिनिटं, दहा सेकंद नाही. फुगा लगेच दिसेलच असं नसतं, तो चालता चालता वर येतो. आणि बाहेरची बाजू बघून भागत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकाची आतली बाजूही बघा, टॉर्च मारून, आणि तळवा फिरवून. हाताला जे कळतं ते डोळ्याला दिसत नाही.

सेंधव्याच्या पुढे बडी बिजासनला आईला दर्शन घ्यायचं होतं. दर्शन घेऊन येताना तिलाच ते दिसलं. "अरे, चाकाला हे टेंगूळ कसलं आलंय?" लिंबाएवढा फुगा, रिमपासून तीन बोटं वर.

हे टेंगूळ येतं कसं ते समजून घ्या, मग कोणाच्या बोलण्यात येणार नाही. टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथे रबराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. साइडवॉलला ते नसतात. तिथे असतो पॉलिएस्टरच्या दोऱ्यांचा थर, बहुतेक गाड्यांच्या टायरमध्ये एकच. टायरवर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं, साइडवॉल पॉलिएस्टर १, म्हणून. खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्यामध्ये साइडवॉल चिमटला की हे दोरे तुटतात. हवा कमी असेल तर चिमटा आणखी जोरात बसतो. वरचं रबर शाबूत राहतं, त्यामुळे हवा जात नाही, पण तेवढ्या जागी हवेला अडवणारं आता फक्त रबर उरलेलं असतं. ते फुगतं, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थोडं थोडं सैल होत जातं. याच्या उलट, साइडवॉलवर आत गेलेली एखादी उभी खोलगट रेघ दिसली तर घाबरू नका. दोऱ्यांच्या थराचा सांधा तिथे असतो, नव्या टायरलाही तशी रेघ दिसते. आत गेलेलं चालतं, बाहेर आलेलं चालत नाही.

हे सगळं मला आज माहीत आहे. त्या दिवशी घाटाजवळच्या एका दुकानात गेलो. तिथला माणूस म्हणाला, "बाबूजी, मुंबई तक चल जाएगी. अंदर से पॅच मार देता हूँ, टायर पीछे डाल दो, पीछे लोड नहीं आता." मागे लोड येत नाही! मागे तीन माणसं आणि डिकीभर सामान. आणि मागचा टायर फुटला की गाडीचा मागचा भाग फिरतो, तो सावरणं पुढचा टायर फुटण्यापेक्षा अवघड असतं. नवे टायर नेहमी मागे घालावेत असं टायर कंपन्या सांगतात ते याचसाठी. त्याने टायर उघडला, आत घासलं, सोल्युशन लावलं, तळहाताएवढं रबराचं ठिगळ चिकटवलं. वर सहा महिन्यांची गॅरंटी, तोंडी. आठशे रुपये. मी दिले, कारण अकराला नाशिकच्या अलीकडे असायचं होतं आणि सगळे गाडीत बसून माझ्याकडे बघत होते.

पॅच असा तुटक्या दोऱ्यांवर बसतच नाही. पंक्चर दुरुस्त करायचं ते ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याच्या, मधल्या भागात, आणि भोक सहा मिलिमीटरपर्यंत असेल तरच. पट्ट्याच्या कडेला (टायरच्या खांद्याला) नाही, बाजूला नाही. साइडवॉल दर फेऱ्याला वाकतो, त्यावर चिकटवलेलं काही टिकत नाही. नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी फेस भरायचं किट देतात, २०२० पासून तशी मुभा आहे. ते किटही साइडवॉलच्या कापावर निकामी. तुमच्या गाडीत स्टेपनी नसेल तर या रस्त्यावर माझा सल्ला एकच, वेगळी घेऊन डिकीत टाका.

शिरपूरच्या टोलनंतर थांबलो, कारण आता सीटखाली ठकठक जाणवत होती. लिंबाचं मोसंबं झालं होतं. स्टेपनी काढली, आणि खरी परीक्षा इथे झाली. आधीच्या दुकानात नट हवेच्या गनने आवळले होते, गाडीतल्या एल पान्याने हलेचनात. पान्यावर उभा राहिलो तेव्हा दोन सुटले, बाकीचे दोन एका ट्रकवाल्याने त्याचा पाइप पान्यावर चढवून सोडवून दिले. त्याने पैसे घेतले नाहीत. लांब दांड्याचा, ओढून लांब होणारा पाना घेऊन ठेवा, चारपाचशेत मिळतो. नट जॅक लावायच्या आधी सैल करायचे, चाक जमिनीला टेकलेलं असताना. दुकानातून निघताना एक नट स्वतःच्या पान्याने सोडवून बघा. सुटला नाही तर त्याच्याकडूनच सैल करून घ्या. हायवेवर अगदीच अडकलात तर १०३३ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गाची मदत त्यावर मिळते.

आमची स्टेपनी १४ इंची, ताशी ८० ची मर्यादा असलेली. म्हणजे धुळ्यापर्यंत डाव्या लेनमध्ये.

धुळ्याच्या आसपास दुसरं दुकान, चकचकीत, काचेचं. घाईतलं गिऱ्हाईक त्यांनी दारातच ओळखलं. पहिल्यांदा दाखवला १७५/६५ आर १५, ८४ लोडचा. "सेम ही है." सेम नाही. लोड इंडेक्स ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, आणि माझ्या ८८ चे ५६०. रुंदीही कमी. एवढं मला ठाऊक होतं, म्हणून नाही म्हटलं. मग बरोबर मापाचा आणला, काळाभोर, पॉलिश केलेला. सात हजार चारशे. महाग का, तर "टायरवर अठ्ठावीस टक्के टॅक्स लागतो." हे धडधडीत खोटं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बॅलन्सिंगचे तीनशे वेगळे, नायट्रोजनचे दोनशे वेगळे, व्हॉल्व्हचे दीडशे वेगळे. पावती साध्या कागदावर. मी थकलो होतो, आई उन्हात बसली होती. घेतला.

नाशिकचे तीन दिवस छान गेले. मावसभावाने गाडी पार्क करताना टायरकडे बघितलं आणि विचारलं, "दादा, हा कधीचा?" टायरवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्यावर होतं ३२२१. म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. सव्वाचार वर्षं कुठल्या तरी गोदामात पडलेलं रबर मी नव्याच्या वर भाव देऊन आणलं होतं. ते आकडे एकाच बाजूला असतात, आणि बसवताना ती बाजू आत गेली होती. भाऊ मोबाइलचा टॉर्च घेऊन गाडीखाली वाकला म्हणून कळलं. टायर रिमवर चढवायच्या आधी हातात घेऊन तारीख वाचा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षाच्या वरचा मी आता घेणार नाही.

परतीचा प्रवास नीट झाला.

इंदूरला आल्यावर घाई नव्हती. तीन दुकानं फिरलो. नवलख्याकडच्या एका जुन्या फिटरने तो फुगलेला टायर मागितला, उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला आणि माझा अंगठा आत नेऊन ठेवला. पॅचची एक कड आधीच उचकटलेली होती. तिच्या खाली बोटभर लांबीची चीर, आणि चिरेत तुटक्या दोऱ्यांची टोकं, खरखरीत, दातांनी तोडलेल्या सुतळीसारखी. टायर उभा करून हलवला तर आतून चमचाभर काळा भुसा पडला. फुग्याभोवतीचं रबर आत घासून सुटलेलं. "भैया, ये सौ किलोमीटर और नहीं चलता," तो म्हणाला. कमी हवेवर टायर दौडवला तरी आत असाच भुसा सापडतो. बाहेरून टायर कसाही दिसो, भुसा निघाला की तो फेकायचा. पंक्चर काढून घेताना आत हात घालून बघायला लाजू नका.

आता घ्यावा कुठला? ब्रँडवरून भांडणारे खूप भेटतील. माझं मत स्पष्ट आहे. नावाजलेल्या कंपनीचा, आयएसआय छापाचा, गाडीच्या मापाचा, ८८ किंवा वरच्या लोडचा, आणि ताजा. या पाच गोष्टी जुळल्या की नाव दुय्यम. एका दुकानदाराने "पिथमपूरचा माल आहे, घरचा, ताजाच असणार" असं सांगितलं. ब्रिजस्टोनचा कारखाना पिथमपूरजवळ खेडा नावाच्या गावी १९९८ पासून आहे हे खरं, पण त्याने दाखवलेल्या टायरवर दीड वर्षापूर्वीची तारीख होती. कारखाना जवळ असला म्हणून गोदाम ताजं होत नाही. शेवटी एमआरएफ घेतले, कारण त्या दिवशी सर्वांत अलीकडची तारीख त्यांच्याकडे मिळाली. पाच हजार दोनशेला एक, बसवून, बॅलन्सिंगसकट. धुळ्याच्या त्या टायरशी ताडून बघा.

दोन घ्या, एक नाही. एका एक्सलवर एक नवा आणि एक अर्धा झिजलेला ठेवला तर ओल्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते. दोन्ही नवे मागे. सोबत अलाइनमेंट, आणि रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून डोळ्यांसमोर बघा, वाकडी असेल तर कड डुलताना दिसते. माझ्या रिमची कड खरंच दबली होती. ती लोखंडी होती म्हणून ठोकून सरळ झाली. अलॉय असती आणि तडा दिसला असता तर बदलावीच लागली असती. सेकंडहँड टायर, "इम्पोर्टेड" म्हणून विकतात तेही, साफ नाही. त्यांच्या साइडवॉलने आधी काय सोसलंय ते कोणालाच सांगता येत नाही. वॉरंटी विचाराल तर साधी वॉरंटी कंपनीतल्या दोषापुरती असते, खड्ड्याने आलेला फुगा त्यात बसत नाही. काही मॉडेलांवर खड्ड्याचंही नुकसान धरतात, पण त्यासाठी खरेदीनंतर नोंदणी करावी लागते. दुकानातच उभं राहून करून घ्या.

मागून निघालेला जुना उजवा टायर अजून चांगला होता. तो १५ इंची लोखंडी रिमवर चढवून स्टेपनी केली. डिकीचा तळ अर्धा बोट वर उचलला जातो, पण आता धुळ्यापर्यंत ८० ने जावं लागणार नाही.

धुळ्याचा टायर गॅलरीत पडून आहे. दुकानाला फोन केला. पहिल्या वेळी म्हणाले घेऊन या, बघू. दुसऱ्या वेळी म्हणाले तो टायर आमचा नव्हताच. पावतीवर टायरचा नंबर नाही, जीएसटीचा नंबर नाही, नुसतं "टायर १ नग" आणि रक्कम. कंपनीकडे तक्रार करायची तर दाखवायला काही नाही. तुम्ही घ्याल तेव्हा पक्क्या बिलावर मॉडेल, माप आणि ते चार आकडे लिहून घ्या, आणि पैसे द्यायच्या आधी घ्या.