मिठाचा खडा

लोणच्याला बारीक मीठ चालत नाही, हा आमच्या घरचा कायदा. कायदा आईचा, अंमलबजावणी माझी. दर मे महिन्यात जाडं मीठ आणायचं, आईनं ते कढईत कोरडं भाजायचं आणि मी लोखंडी खलबत्ता घेऊन खाली फतकल मारून बसायचं. यंदा पहिल्याच घावाला एक टपोरा खडा उसळून फ्रिजखाली गेला. केरसुणीनं ओढून काढला, तर त्याचे दोन तुकडे झालेले. आणि तुटलेली बाजू इतकी सपाट, की सुरीनं कापल्यासारखी.

गूळ फोडला तर ओबडधोबड ढलपा निघतो. मीठ मात्र फुटतानाही काटकोन सोडत नाही. आईचं पेपर वाचायचं भिंग घेतलं आणि खडे ताटलीत पसरून पाहिले. बहुतेक चौकोनी ठोकळे. एकाच्या माथ्यावर तर चारी बाजूंनी पायऱ्या पायऱ्यांनी खोल उतरत गेलेला खळगा, अगदी गावाकडच्या बारवेसारखा. मिठागरातल्या कोणा माणसानं हे घडवलेलं नाही. पाणी आटत गेलं आणि मीठ आपलं आपण असं रचत गेलं.

शाळेत आम्हाला मीठ शिकवलं ते लग्न लावल्यासारखं. सोडिअमकडे 11 इलेक्ट्रॉन : आतल्या कवचात 2, मधल्यात 8 आणि बाहेर एकटा 1. क्लोरीनकडे 17 : 2, 8, 7. आठ पुरे व्हायला एक कमी. मग सर फळ्यावर सोडिअमकडून क्लोरीनकडे एक बाण काढायचे आणि म्हणायचे, “सोडिअम दानशूर आहे.” एकावर धन प्रभार, दुसऱ्यावर ऋण (असा प्रभार आलेला अणू म्हणजे आयन), दोघं चिकटले, झाला आयनिक बंध. दोन मार्क.

दानशूर कसला! पुढे कधीतरी हिशोब वाचनात आला आणि सरांचा बाण डोक्यातून पुसला गेला. सोडिअमकडून तो अकरावा इलेक्ट्रॉन काढून घ्यायला मोलमागे 496 किलोज्यूल मोजावे लागतात. (मोल म्हणजे रसायनवाल्यांचं डझन; त्यांच्या डझनात 12 नाहीत, 6 वर 23 शून्यं असतात, एवढाच फरक.) तो इलेक्ट्रॉन पदरात पडल्यावर क्लोरीन परत करतं 349. म्हणजे नुसती देवघेव धरली तर व्यवहार 147 नं तोट्यात. हा तोटा भरून निघतो तो प्रभार आलेले दोघं एकमेकांजवळ सरकतात तेव्हा, आणि खरी चंगळ होते ती तसलेच असंख्य येऊन शेजारी शेजारी, वर-खाली रचले जातात तेव्हा. सुट्या आयनांचा खडा बनताना मोलमागे 787 किलोज्यूल बाहेर पडतात. दान वगैरे काही नाही. चाळ बांधून झाली की सगळ्यांनाच परवडतं.

आणि ते लग्नही नाहीच. खड्याच्या आत प्रत्येक सोडिअमला सहा क्लोरीन शेजारी : चार बाजूंना चार, एक डोक्यावर, एक पायाखाली. प्रत्येक क्लोरीनला तसेच सहा सोडिअम. यातला कोण कोणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ‘एनएसीएल’ हे मिठाचं सूत्र म्हणजे जोडप्याचं नाव नव्हे, जितके हे तितके ते, एवढंच त्यातून कळतं. बारीक मिठाचा 0.3 मिलिमीटरचा कण घेतला, तरी त्याच्या एका कडेवर दहा लाखांच्या आसपास आयन ओळीनं उभे असतात. मिठाला रेणू नसतो म्हणतात ते यासाठी. साखरेला असतो, तिचे 45 अणू इलेक्ट्रॉन वाटून घेऊन एकमेकांना धरून बसतात आणि चहात विरघळले तरी कुटुंब फुटत नाही.

मिठाची ही रचना क्ष-किरणांनी उलगडली ती 1913 साली, विल्यम आणि लॉरेन्स ब्रॅग या बापलेकांनी. दोनच वर्षांनी दोघांना मिळून नोबेल. लेकाचं वय तेव्हा 25. पण सगळ्यांना हे पचलं नाही. हेन्री आर्मस्ट्राँग नावाचे जुने इंग्रज रसायनशास्त्रज्ञ ऐंशीच्या घरात असताना, 1927 मध्ये, ‘नेचर’मध्ये पत्र लिहून कडाडले : मीठ म्हणजे बुद्धिबळाचा पट, त्यात जोड्याच नाहीत, हे बोलणं अक्कलहुशारीत बसत नाही, हे रासायनिक क्रिकेट नव्हे, म्हणजे हा खिलाडूपणा नव्हे! म्हाताऱ्याचं चुकलंच. तरी मला त्यांच्याबद्दल माया वाटते. उभा जन्म ज्यानं जोड्या लावल्या, त्याला एकदम सांगायचं, की जोड्या नव्हत्याच.

पटच असल्यामुळे मीठ सरळ फुटतं. बत्त्याचा घाव बसला की एक थर जागचा हलतो, पटावरचं एक घर सरकतो. आतापर्यंत धनासमोर ऋण होतं, आता धनासमोर धन येतं. झालं, दोन्ही थर एकमेकांना झिडकारतात आणि खडा त्या रेषेत दुभंगतो. ज्या बत्त्यानं तो फुटला त्या लोखंडाला मात्र ओरखडाही नाही. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठारकाम चालतं, ठोक्यावर ठोका. तांबं फुटत नाही, वळतं, पसरतं. धातूंमध्ये बाहेरचे इलेक्ट्रॉन सगळ्या आळीचे, सामाईक विहिरीच्या पाण्यासारखे. थर कितीही सरकले तरी पाणी तेच.

तोवर कढईत मीठ तडतडायला लागलं होतं. दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या निखाऱ्यावर टाकल्या की आजी म्हणायची, “किती तडतडतंय बघ, केवढी लागली होती!” आता कळतं, खडे तयार होताना आत खाऱ्या पाण्याचे थेंब कोंडून राहतात, त्यांची वाफ होते आणि खडा फुटतो. आजीला हे सांगायची माझी टाप नव्हती, आणि दृष्ट लागलीच नव्हती असंही मी छातीठोक म्हणत नाही. मीठ स्वतः वितळत नाही. त्याला 801 अंश सेल्सिअस लागतात. आमच्या कढईच्या बापाला ते जमणार नाही.

एक फुटका खडा मात्र कढईबाहेर उडाला आणि त्याची कणी जाळात पडली. निळी ज्योत भगकन पिवळी झाली. एलईडी येण्याआधी हमरस्त्यांवर सोडिअमचे दिवे असायचे, त्या पिवळ्यातला पिवळा. तो अकरावाच. जाळात सोडिअमला त्याचा गेलेला इलेक्ट्रॉन क्षणभर परत मिळतो, उष्णतेनं तो वरच्या पातळीवर उडी घेतो आणि खाली येताना 589 नॅनोमीटरचा प्रकाश टाकून जातो. मी खलबत्ता सोडून तिकडे बघत राहिलो.

“बर्नर घाण झालाय,” आई म्हणाली. “मीठ झालं की तेवढा घासून टाक.”