तुम्ही विचारलंत म्हणून: न ऐकलेली चाल कागदावरून कशी गाता?

‘कधी ऐकलेलीच नाही ती चाल नुसतं नोटेशन बघून कशी गाता? उपजत कान आहे का?’ संगीत शिकते म्हटलं की हा प्रश्न येतोच.

नाही हो. नुसता सूर ऐकून त्याचं नाव सांगणारे लोक असतात, मी त्यांतली नाही. आणि साइट सिंगिंगला, म्हणजे असं नोटेशन बघून गायला, तसा कान लागतही नाही. एक सा मिळाला पाहिजे, आणि बाकीच्या सुरांची त्याच्याशी असलेली नाती ओळखीची हवीत.

एवढं कळायला माझं पहिलं वर्ष गेलं. मी दोन सुरांमधली अंतरं पाठ केली होती, दरेक अंतराला एकेक ओळखीचं गाणं लावून. सुट्या जोड्या ओळखण्यात पैकीच्या पैकी! मग परीक्षेत चार मापांची साधीशी ओळ समोर आली आणि तिसऱ्याच सुरावर मी घसरले. सा ते कोमल ग तीन अर्धस्वर (अर्धस्वर म्हणजे लगतच्या दोन सुरांतलं सगळ्यात लहान अंतर), शुद्ध ग ते प तीन, नि ते वरचा रे तीनच. मोजायला सारखे, कानाला मात्र प टेकल्यासारखा लागतो, आणि नि सोडून रे वर उडी मारली तरी नि ची सा कडची ओढ मागे उरतेच. मी प्रत्येक उडीला नवं गाणं आठवत राहिले आणि तेवढ्यात सा हरवला.

गंमत म्हणजे सा कुठल्याही पट्टीत धरायचा, हे सरगम शिकताना मी केलेलंच होतं. पाश्चात्त्यांचा सरकता डो (डो म्हणजे त्यांचा सा) म्हणजे तेच. अकराव्या शतकात ग्विदो दारेत्सो या भिक्षूने न ऐकलेली स्तोत्रं वाचून गाता यावीत म्हणूनच उत (हाच पुढे डो झाला), रे, मी ही अक्षरं वापरात आणली. फ्रान्स-इटलीत पुढे डो एकाच सुराला कायमचा बांधला गेला. तिथलेही उत्तम वाचतात. मला ते जमत नाही.

आधी मी पियानोवर वाजवून मागोमाग गायचे. ती नक्कल झाली. आता पियानो बंद. आधी नुसती लय, एकाच सुरावर, टाळी देत. मग सप्तक, पण एकाआड एक सूर मनातच म्हणायचा: सा मोठ्याने, रे गप्प, ग मोठ्याने. गप्प सूर मनात नीट लागला नसेल, तर पुढचा लगेच चुगली करतो. ऐकून लिहायचं असतं तेव्हा पहिल्या खेपेला पेन्सिल खाली, नुसतं ऐकायचं.

(गाऊन झाल्यावर पियानोवर तपासताना ग पियानोपेक्षा किंचित उतरलेला निघाला तर लगेच घाबरू नका. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा ग पियानोच्या ग पेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या सातव्या भागाइतका, खालीच असतो.)

अजून अडते ती ओळीच्या मध्येच सा बदलतो तेव्हा. प हा नवा सा होतो आणि तीव्र म त्याचा नि. त्या तीव्र मध्यमावर मी पेन्सिलीने खूण करून ठेवते. परवा विसरले, आणि सगळी ओळ जुन्याच सा ने गाऊन शेवटी प वर थांबले. सूर बरोबर होता म्हणे. मला मात्र चाल संपल्यासारखी वाटेना. मी पुढच्या सुराची वाट बघत उभीच राहिले.