लाल फ्रीज आणि पंधरा क्रेट

अण्णांच्या दुकानातला तो लाल फ्रीज मीच बसवून घेतला होता. जानेवारी १९९६ची गोष्ट. काचेचं दार, आत ट्यूबलाइट, माथ्यावर कोका-कोलाचं नाव आणि दारावर वर्ल्ड कपचा स्टिकर: ‘ऑफिशियल ड्रिंक’. मी तेव्हा एका वितरकाच्या गाडीवर सेल्समन होतो. वय चोवीस, रूट चर्चगेट ते धोबी तलाव, म्हणजे वानखेडेच्या अगदी कुशीतला. २७ फेब्रुवारीला, मंगळवारी, तिथे भारत-ऑस्ट्रेलिया सामना होता आणि वानखेडेवर पहिल्यांदाच दिव्यांच्या उजेडात खेळ होणार होता. त्या संध्याकाळी सातच्या पुढे मी त्याच फ्रीजसमोर घामाघूम उभा होतो, आणि आतले सगळे कप्पे पेप्सीच्या बाटल्यांनी भरलेले होते.

तो वर्ल्ड कप विल्स या सिगारेटच्या नावाने खेळला गेला. शीतपेयाचा अधिकृत मान कोका-कोलाने पैसे मोजून घेतला होता. कोक भारतात परत येऊन तेव्हा अडीच वर्षंही झाली नव्हती. १९७७ साली जनता सरकारच्या काळात, परकीय भांडवलाच्या कायद्यावरून सरकारशी जमेना म्हणून कंपनीने इथला गाशा गुंडाळला. त्या रिकाम्या जागेत थम्स अप वाढलं. १९९०मध्ये ‘लहर पेप्सी’ आली. ऑक्टोबर १९९३मध्ये कोक आग्र्याहून परतलं आणि त्याच वर्षी त्याने पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही नावंच विकत घेतली. बाजार मिळाला, दुकानं मिळाली, पण ‘कोक’ हा शब्द माझ्या वयाच्या पोरांच्या तोंडी बसलेला नव्हता. माझ्या रूटवर तेव्हाही काय संपलं विचारलं, तर उत्तर ‘थम्स अप’ असंच यायचं. ज्या नावाशी कुणाचं बालपण जोडलेलं नाही ते नाव चार महिन्यांत घराघरांत न्यायचं, तर या देशात क्रिकेटखेरीज दुसरा रस्ता नव्हता.

ट्रेनिंगला आमचे एरिया मॅनेजर हे सगळं फार रंगवून सांगत. १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकला अमेरिकन संघाबरोबर बोटीतून कोकची खोकी गेली, तेव्हापासून ऑलिंपिकशी नातं. पण माझ्या डोक्यात कायमची बसली ती फुटबॉलची हकिकत. १९७४ साली ब्राझीलचे जुआव हावेलांज फिफाचे अध्यक्ष झाले. आफ्रिकेत, आशियात फुटबॉल वाढवण्याचं वचन देऊन ते निवडून आले होते, आणि त्यासाठी लागणारा पैसा फिफाकडे नव्हता. कोककडे पैसा होता आणि त्यांना नेमक्या त्याच देशांत बाटली पोचवायची होती. १९७७मध्ये तरुण खेळाडूंची पहिली जागतिक स्पर्धा ट्युनिशियात झाली ती कोकच्या पैशावर. मॅनेजर म्हणायचे, ‘ट्युनिशियाच का, याचा विचार करा.’ मी खरंच विचार करायचो. ज्या गावात खेळाचं मैदान आखलं जातं तिथे मैदानाबरोबर बर्फाची पेटीही पोचते, हे मला त्या वयात फार भव्य वाटायचं, आणि आपण त्या पेटीच्या शेवटच्या टोकाला उभे आहोत याचा अभिमानही.

पेप्सीला वर्ल्ड कपचा तो अधिकृत मान मिळाला नव्हता. मग त्यांनी जाहिरात काढली: ‘नथिंग ऑफिशियल अबाउट इट’. सगळी अधिकृतपणाची मिजासच त्यांनी चेष्टेवर नेली. आणि मुख्य म्हणजे सचिन त्यांच्याकडे होता. स्पर्धा आमची, सचिन त्यांचा. मुंबईत हे वाटप किती जड जाईल ते ज्यांनी करारावर सह्या केल्या त्यांना कदाचित कळलं नसेल, पण शिवाजी पार्कापासून कुलाब्यापर्यंतच्या कुठल्याही सेल्समनला कळत होतं.

प्रायोजकत्व म्हटलं की लोकांना मैदानातले फलक दिसतात. आम्हाला ते दिसायचं दुकानदाराच्या गल्ल्यापाशी. ‘शेठ, वर्ल्ड कप आपला आहे’ असं म्हणून महिनाभर आम्ही दारं ठोठावत होतो. जुना बोर्ड उतरवून आमचा लावला तर फ्रीज. फ्रीज घेतला तर वरचे दोन कप्पे कोकसाठीच ठेवायचे. अमुक इतके क्रेट उचलले तर एक क्रेट फुकट. आणि अगदी मोठ्या गिऱ्हाइकाला सामन्याची तिकिटं. वानखेडेच्या दोन तिकिटांसाठी एका हॉटेलवाल्याने वीस वर्षांचा बोर्ड माझ्यासमोर उतरवला होता. त्यात वेळही अशी साधलेली की स्पर्धा फेब्रुवारी-मार्चमध्ये. होळीनंतर उन्हाळा लागतो, आणि दुकानदार एप्रिल-मेसाठी कुणाचा फ्रीज ठेवायचा ते त्याआधीच ठरवतो. सामने महिन्याभरात संपतात, फ्रीज पाच वर्षं हलत नाही. माझं आजही मत आहे की इतक्या कोटींच्या त्या करारातला खरा माल हाच होता. टीव्हीपुढे बसलेला प्रेक्षक नंतरचा.

त्या दिवशी पोलिसांनी दुपारपासून वानखेडेकडचे रस्ते मोठ्या गाड्यांना बंद केले होते. म्हणून पहाटे साडेपाचलाच आम्ही निघालो. सातच्या सुमाराला अण्णांकडे. अण्णा मंगळूरकडचे, पण तीस वर्षं मुंबईत. मराठी बोलताना मध्ये हिंदी यायची आणि राग आला की तुळू.

‘चाळीस क्रेट टाक आज,’ ते म्हणाले.

मी मागे जाऊन मोजलं. रिकामे क्रेट पंचवीसच होते.

तेव्हा सगळा धंदा काचेच्या बाटलीचा. चोवीस बाटल्यांचा क्रेट. रिकाम्या जितक्या परत, तितक्याच भरलेल्या मिळायच्या. जास्त हव्या तर बाटली आणि क्रेटचं डिपॉझिट रोख भरायचं. बाहेरच्या माणसाला पेयाची किंमत दिसते, पण आमच्यासाठी काच महाग होती.

‘अण्णा, पंधराचं डिपॉझिट द्या, लगेच उतरवतो.’

‘सकाळी सातला एवढे पैसे कुठून आणू? उद्या घे. कुठे पळून जातो काय मी?’

वितरकाने आदल्याच आठवड्यात सगळ्यांना तंबी दिली होती की डिपॉझिटशिवाय एक क्रेट सोडायचा नाही. पण मला ओळखणारे ड्रायव्हरमामा हळूच म्हणाले, ‘माझ्या नावावर लिही, पण टाकून दे. आजचा दिवस आहे.’ मी ऐकलं नाही. गाडीत माल होता. मी नियम दाखवला आणि पंचवीस उतरवून पुढे गेलो. ती चूक माझीच, आणि ती मी पूर्ण शुद्धीत केली.

अडीच वाजता सामना सुरू झाला. ऑस्ट्रेलियाची पहिली जोडीच शंभरावर गेली, मार्क वॉने १२६ काढले. ऊन कडक होतं आणि मैदानाबाहेरही गर्दी मावत नव्हती, कारण ज्यांना तिकीट मिळालं नाही ते निदान आवाज ऐकायला आले होते. पाच वाजता मी डेपोत पोचलो तेव्हा टेबलावर निरोपाची चिठ्ठी होती: अण्णांचा दोनदा फोन, माल संपला. गाडी तिकडे जाणं शक्य नव्हतं. शेवटी धोबी तलावच्या एका गिऱ्हाइकाकडून सहा क्रेट उसने घेतले, हातगाडी मिळवली आणि एका लोडरला घेऊन निघालो. भरलेला क्रेट अठरा-वीस किलोच्या घरात जातो. गर्दीत हातगाडी ढकलायची म्हणजे दर दहा पावलांवर थांबायचं. वाटेतच कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर कळलं की भारताचे दोन गेले, धावा सात.

अण्णांच्या दुकानासमोर पोरांचा घोळका. आत भिंतीवर टीव्ही. आणि सचिन सुटला होता. मॅकग्राची पहिली षटकं निर्धाव गेली होती; आता त्यालाच तो उचलून मारत होता. तिथे एक विलक्षण गोष्ट घडत होती. मैदान इतकं जवळ की गर्जना आधी कानावर यायची आणि चौकार टीव्हीवर निमिषभराने दिसायचा. पोरं आवाज ऐकूनच नाचायला लागायची. मी घोळक्यातून आत शिरलो आणि फ्रीज पाहिला.

लाल दार, वरचा लाल बोर्ड, माझ्या हाताने चिकटवलेला स्टिकर. आत फक्त पेप्सी. दाराच्या उजेडात त्या बाटल्यांवर दव जमलेलं दिसत होतं. पोरं त्या बाटल्या काढत होती, आमच्याच बोर्डाखाली बांधलेल्या ओपनरने उघडत होती. षटक संपलं, जाहिरात लागली, पेप्सीचीच, आणि सगळा घोळका एका सुरात ओरडला, ‘नथिंग ऑफिशियल अबाउट इट!’

मी दार उघडून एक बाटली बाहेर काढायला गेलो. कंपनीच्या फ्रीजमध्ये दुसऱ्याचा माल दिसला तर तो काढायचा, असं आम्हाला शिकवलं होतं.

‘हात लावू नकोस,’ अण्णा गल्ल्यावरूनच म्हणाले. आवाज चढवला नाही. ‘अकरा वाजता त्यांचा पोरगा आला. वीस क्रेट टाकून गेला. डिपॉझिट विचारलं नाही, चिठ्ठी लिहिली नाही. तू काय टाकलंस?’

‘अण्णा, फ्रीज...’

‘फ्रीज तुझा आहे, घेऊन जा. गिऱ्हाईक फ्रीज पीत नाय. तुम्ही एवढा वर्ल्ड कप विकत घेतला आणि पंधरा रिकाम्या क्रेटला अडलात? नुसत्या काचेला?’

मला उत्तर सुचलं नाही. ॲमस्टरडॅमपासून ट्युनिशियापर्यंतचा सगळा पसारा या साडेपाच फुटी दारापर्यंत येऊन पोचला होता आणि शेवटचे पंधरा क्रेट मी सकाळी अडवले होते. कुठल्याही देशात हे असंच होत असणार, हे मला तिथे उभं असताना लख्ख दिसलं. करार मोठ्या खोल्यांमध्ये होतात, पण ज्या क्षणासाठी ते केलेले असतात तो क्षण अशा एखाद्या दुकानात येतो, दहा-पंधरा मिनिटं टिकतो, आणि तेव्हा हाताला जी थंड बाटली लागते तिचंच नाव त्या चौकाराला चिकटतं. त्या पोरांना सचिनची ती खेळी आयुष्यभर आठवणार होती, आणि हातातली बाटलीही.

सचिन नव्वदवर गेला. मार्क वॉचा चेंडू वाइड, सचिन पुढे, हीलीने यष्ट्या उडवल्या. वानखेडेकडून काहीच आवाज आला नाही, त्यामुळे टीव्हीवर दिसण्याआधीच आम्हा सगळ्यांना कळलं होतं. मांजरेकरने ६२ काढले, पण सामना १६ धावांनी गेला.

पुढे हे पारडं कितीदा फिरलं. १९९८च्या एप्रिलमध्ये शारजात सचिनने दोन दिवसांच्या अंतराने १४३ आणि १३४ मारले ती स्पर्धा ‘कोका-कोला कप’ होती. पेप्सीच्या चेहऱ्याने कोकचं नाव घरोघरी नेलं. २००३च्या वर्ल्ड कपला अधिकृत मान पेप्सीकडे गेला, आणि सेंच्युरियनला भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यात कोक पिणाऱ्या एका प्रेक्षकाला बाहेर काढल्याची बातमी आली. खेळाडूंच्या वैयक्तिक जाहिरातींवर बंधनं घालणाऱ्या करारावरून त्याआधी केवढा वाद झाला होता. ते सगळं वाचताना मला अण्णांचं दुकानच आठवायचं. प्रेक्षकाच्या हातातला कॅन काढून घेणं आणि मी फ्रीजमधली बाटली काढायला जाणं, यात मला फरक दिसत नाही.

त्या रात्री साडेअकराला रिकाम्या गोळा करायला परत गेलो. अण्णा शटर अर्धं ओढून हिशोब करत होते. मी आणलेले सहा क्रेट तसेच बाहेर होते, एकही बाटली थंड झाली नव्हती. मी काही न बोलता फ्रीजचा खालचा कप्पा मोकळा केला, पेप्सीच्या उरलेल्या बाटल्या वरच्या कप्प्यात नीट लावल्या आणि खाली आमच्या भरल्या. अण्णा बघत होते.

‘उद्या किती?’ मी विचारलं.

‘चाळीस.’

‘रिकाम्या?’

‘मोजून घे,’ ते म्हणाले, ‘दोघांच्या एकत्र झाल्यात.’

मग आम्ही दोघं फुटपाथवर बसून दिव्याखाली बाटल्या वेगळ्या करत राहिलो.