निळा रंग बाटलीतला नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण घरी चार माणसं जेवायला आली की हा प्रश्न ठरलेलाच: "ताटातल्या त्या ब्रेडच्या निळ्या टाइल्स कसल्या? रंग बाटलीतला ना?"

नाही. कंपाउंडवरच्या गोकर्णीचा.

पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दर्शनी दालनात निळ्या टाइल्सची चित्रं आहेत, ती तुम्ही पाहिली असतील. त्यांना अझुलेजो म्हणतात. पोर्तुगीजमध्ये 'अझुल' म्हणजे निळा, म्हणून मला वाटायचं नाव त्यावरनंच पडलं असणार. पण शब्द मुळात अरबी, घासून गुळगुळीत केलेल्या लहान दगडासाठीचा. जुन्या घरांच्या भिंतींवर नक्षीच्या टाइल्स असतात, त्यांतली एक युक्ती मी उचलली. एका टाइलवर अख्खं फूल नसतं, कोपऱ्यात पाव फूल असतं. चार टाइल्स जुळल्या की फूल पुरं.

सँडविचच्या ब्रेडच्या चार स्लाइस घ्या, कडा काढा, एकेकीचे चार चौकोन करा. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, पोय मला कितीही आवडत असली तरी इथे उपयोगाची नाही, ती आतून पोकळ. चौकोनांवर आधी लोणी, नाहीतर ब्रेड भिजून लगदा होतो. त्यावर ओल्या खोबऱ्याची घट्ट पांढरी चटणी: आलं, मीठ, मिरपूड. चिंच-लिंबू अजिबात नको.

आता निळा. वीसेक फुलं, देठाकडचा हिरवा भाग काढून, चार चमचे पाण्यात चुरडून अर्धा तास ठेवायची. (सासूबाईंचं म्हणणं, देवाला वाहायची फुलं पावावर कुठे घालतेस. खाताना मात्र त्या मोजत नाहीत.) नारळ आदोळीवर (खवणीच्या विळीवर) हलक्या हाताने खवायचा, तपकिरी भाग लागला की थांबायचं. मग हा चव, म्हणजे खवलेलं खोबरं, पंचात घट्ट पिळून घ्यायचा. दूध सोलकढीला जातं आणि कोरडा चव त्या फुलांच्या पाण्यातला रंग बरोबर पितो. जाड पुठ्ठ्यात पाव फूल कापायचं, टाइलच्या कोपऱ्यावर धरायचं, चिमटीने निळा चव भरायचा, बोटाने दाबायचा, पुठ्ठा सरळ वर उचलायचा. तिरका उचललात तर फूल गेलं. चिमूटभर हळदीत घोळवलेला चव मध्यभागी ठिपक्याला. सोळा टाइल्स, चार फुलं. सगळं पाहुणे यायच्या तासभर आधी, आपल्या उकाड्यात ओलं खोबरं फार वेळ टिकत नाही.

पहिल्यांदा मी चटणीऐवजी चक्का लावला होता. तासाभरात फुलांच्या कडा जांभळ्या, मग सगळंच वांग्याच्या रंगाचं. गोकर्णीचा निळा आंबटाला टिकत नाही, हे मला त्या दिवशी पाहुण्यांसमोर कळलं.

तेव्हापासून ताटाशेजारी लिंबाच्या फोडी ठेवते. चवीला आंबट हवंच असतं, ते ज्याने त्याने आपल्या टाइलवर पिळायचं आणि रंग फिरताना बघायचा. गेल्या चतुर्थीला भाच्याने मात्र कोणी टाइल उचलायच्या आत अख्ख्या ताटावर लिंबू पिळलं.